बसडेपो नदीत बांधू नका: आफ्रिकी शहरांतल्या हवामान-प्रकल्पांत या चुका टाळा

वर्षाला साधारण अकराशे मिलिमीटर पाऊस. टांझानियातल्या दार-ए-सलामचा हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी मनात म्हटलं, मुंबईच्या निम्मा, यात काय बुडणार? मग मार्च उजाडला, ‘मसिका’ म्हणजे तिकडचा मोठा पावसाळा सुरू झाला, आणि एका सकाळी आमची गाडी जांगवानीच्या पुलाअलीकडे दोन तास अडकली. पुढे रस्ता नव्हताच, नुसतं तांबडं पाणी. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, खिडकीतून शेंगदाण्यांची पुडी घेतली आणि शांतपणे म्हणाला, “काका, हे पाणी इथलं नाही. पुगूहून आलंय.” (स्वाहिलीत ‘काका’ म्हणजे थोरला भाऊ. पहिले काही दिवस मी उगाचच खट्टू व्हायचो.)

पुण्या-मुंबईच्या सल्लागार कंपन्यांतून पूर्व आफ्रिकेतल्या पाणी, रस्ते, गटारांच्या कामांवर जाणारे बरेच तरुण इंजिनिअर आता भेटतात. कागदावर सगळ्यांच्या प्रकल्पांची नावं सारखीच: हवामानाला तोंड देणारं, कमी कार्बनचं शहर. चुकाही सारख्याच. त्यातल्या काही मी स्वतः केल्यात, काही शेजारी उभं राहून पाहिल्यात.

पाऊस मोजला, वाळू मोजली नाही

म्सिंबाझी नदी पुगूच्या टेकड्यांकडून येते, शहर आडवं कापते आणि सेलँडर पुलापाशी हिंदी महासागराला मिळते. वरच्या बाजूला टेकड्या कापून घरं झाली, काठावरून बांधकामासाठी वाळू उपसली गेली. पहिल्या सरीबरोबर ती सैल माती खाली निघते. जांगवानीला जमीन सपाट होते, पाण्याचा वेग मरतो आणि वाळू तिथेच बसते. ‘जांगवा’ म्हणजे वाळवंट, तेव्हा गावाचं नाव ठेवणाऱ्याने काही चूक केली नव्हती.

माझ्या पहिल्या हिशेबात नदीचा तळ जानेवारीतल्या सर्वेक्षणाचा होता. गाळ नुकताच काढलेला. एका मोरीखाली, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायच्या वाटेत, मी तेव्हा ताठ उभा राहिलो होतो. मसिका संपल्यावर जूनमध्ये त्याच जागी गेलो तर कमरेत वाकावं लागलं. म्हणजे ज्या मोरीतून अमुक इतकं पाणी जाईल असं मी सही करून दिलं होतं, तिचा बराचसा भाग वाळूने भरलेला होता. मॉडेल बरोबर होतं, फक्त ते अस्तित्वात नसलेल्या नदीचं होतं.

तेव्हा तळाची पातळी मसिकाआधी एकदा आणि नंतर एकदा, अशी दोनदा घ्या. सर्वेक्षणाच्या कागदावर ‘गाळ शेवटचा कधी काढला’ असा रकाना नसेल तर स्वतः आखा. आणि कामाच्या हद्दीत वरचं खोरं नसेल तर कंत्राटावर सही होण्याआधी भांडा, नंतर कोणी ऐकत नाही. उतारावर माती अडवल्याशिवाय खाली गाळ काढणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. मिठी नदीच्या बाबतीत २६ जुलै २००५नंतर आपण हेच शिकायला हवं होतं, पण तो वेगळा विषय.

नवा नाला बांधूनही पाणी तुंबत असेल तर लगेच ‘नाला लहान पडला’ म्हणू नका. आधी समुद्राचं टोक बघा. भरती आणि सर एकाच वेळी आली की पाण्याला जायला वाटच नसते. मग मोरीतली वाळू, मग कचरा, आणि सगळ्यात शेवटी नाल्याचं माप. आपण नेमके उलट्या क्रमाने जातो, कारण माप बदलणं टेबलावर बसून जमतं. कचऱ्याला कमी लेखू नका. ३ जून २०१५च्या रात्री घानाच्या अक्रा शहरात पाणी तुंबलं, लोक आडोशाला पेट्रोल पंपावर थांबले, तिथे स्फोट झाला आणि दीडशेच्या वर माणसं गेली. त्या पुराच्या कारणांत कचऱ्याने बुजलेली गटारं अगदी वर होती.

पूररेषा एक, माणसांसाठी वेगळी आणि प्रकल्पासाठी वेगळी

या चुकीचा मला आजही राग येतो, म्हणून थोडं सविस्तर.

डिसेंबर २०११मध्ये दार-ए-सलामला मोठा पूर आला, चाळीसहून जास्त माणसं दगावली. म्सिंबाझीच्या खोऱ्यातल्या कुटुंबांना शहराबाहेर दूर माब्वेपांडेला भूखंड दिले गेले. काही जण तिथे टिकले, काही परत आले, कारण मजुरी, मासळीबाजार, मुलांची शाळा सगळं खोऱ्याजवळच होतं. डिसेंबर २०१५मध्ये पुन्हा मोहीम निघाली. घरांच्या भिंतींवर लाल रंगाची फुली मारायची आणि मग बुलडोझर. कारण एकच: ही जागा नदीची आहे, इथे राहणं धोक्याचं.

त्यानंतर काही महिन्यांतच, मे २०१६मध्ये, शहराची जलद बससेवा ‘डार्ट’ सुरू झाली. पहिला टप्पा सुमारे २१ किलोमीटरचा, स्वतंत्र मार्गिका, कार्ड दाखवून आत शिरायची स्थानकं. २०१८चा सस्टेनेबल ट्रान्सपोर्ट अवॉर्ड या शहराला मिळाला, आणि तो योग्यच होता. ‘डालाडाला’ म्हणजे तिकडच्या वडाप मिनीबसमध्ये एका पायावर उभं राहून प्रवास केलेल्या माणसाला ही बस म्हणजे चैन वाटते.

फक्त तिचा मुख्य डेपो जांगवानीला, म्हणजे म्सिंबाझीच्या त्याच पूरमैदानात बांधलेला. जिथे माणसाने राहायचं नाही तिथे बसगाड्या रात्रभर उभ्या. पाणी यायचं ते आलंच, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. गाड्या बुडाल्या, इंजिनं गेली, सेवा थांबली. ज्या शहराने बसचा पुरस्कार घेतला, तिथेच पाऊस लागला की ऑफिसात पहिला प्रश्न असायचा, ‘आज डार्ट आहे का?’

कार्बन वाचवणारा प्रकल्प आपोआप पुरापासूनही वाचतो, असं आपण गृहीत धरतो. पण दोन्ही खाती वेगळी, सल्लागार वेगळे, अहवाल वेगळे, आणि दोघांचे नकाशे कोणी एकावर एक ठेवत नाही. डेपोला मोठी, सपाट, शहराच्या मधोमध आणि मोकळी जमीन लागते. वाढत्या शहरात अशी जागा मोकळी का राहिली, हे विचारायचं राहून जातं. बहुतेक वेळा उत्तर एकच असतं: नदीने ठेवली म्हणून.

पुढे म्सिंबाझीसाठी संपूर्ण खोऱ्याचा आराखडा झाला आणि २०२२मध्ये जागतिक बँकेने २० कोटी डॉलर मंजूर केले. डेपो हलवायचा, पूल उंच करायचा, खालच्या खोऱ्यात नदीला पसरता येईल असं उद्यान करायचं, वर माती धरून ठेवायची. हे सगळं आधी झालं असतं तर किती स्वस्तात पडलं असतं, याचा हिशेब मी मुद्दाम केला नाही.

फुली मारण्याच्या बाबतीत नैरोबीही मागे नाही. २०२४च्या एप्रिल-मेमधल्या पुरानंतर नदीपासून ३० मीटरच्या आतली घरं हटवण्याचा आदेश निघाला, मथारेसारख्या वस्त्यांत बुलडोझर फिरले, आणि कुटुंबामागे दहा हजार केनियन शिलिंग देऊ असं सांगितलं गेलं. तेवढ्या पैशांत महिना-दोन महिन्यांची सोय होते, मग माणसं पुढच्या वळणावरच्या नदीकाठी जातात. पूररेषा आखताना पहिला प्रश्न ‘कोण हटणार’ हा नसावा. त्या रेषेच्या आत सरकारी आणि श्रीमंत बांधकामं कोणती आहेत, याची यादी आधी करा. यादी तयार झाली की चर्चेचा सूर आपोआप बदलतो.

नकाशावर वस्ती करड्या रंगात

पाश्चात्त्य असोत वा आपले, सल्लागारांच्या नकाशात अनधिकृत वस्ती म्हणजे एक करडा पट्टा असतो. आत गल्ली नाही, गटार नाही, नळ नाही. दार-ए-सलामची वस्ती २०१२च्या जनगणनेत सुमारे ४३ लाख ६५ हजार होती, २०२२मध्ये सुमारे ५३ लाख ८४ हजार. दहा वर्षांत दहा लाख माणसं वाढली, त्यातली बरीचशी या करड्या पट्ट्यात.

२०१५मध्ये तिथे ‘रामानी हुरिया’ सुरू झालं. नावाचा अर्थ मुक्त नकाशा. विद्यापीठाचे विद्यार्थी आणि वस्तीतली माणसं मिळून गल्ली, गटार, मोरी, पाणी कुठवर चढतं, हे सगळं ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांना खुल्या ऑनलाइन नकाशावर चढवत गेले. त्या पद्धतीतली एक गोष्ट मी उचलली आणि कधी सोडली नाही: पुराची उंची भिंतीला विचारायची. म्सिंबाझीकाठच्या एका घरात दाराला गुडघाभर उंच सिमेंटचा कठडा होता, तो ओलांडूनच आत जायचं. तिथल्या ‘बिबी’ने, म्हणजे आजीने, भिंतीवर हात फिरवत एकेक रेघ दाखवली. २०११ची रेघ माझ्या खांद्याच्या वर होती. सगळ्यात जवळचं पाऊसमापक विमानतळावर. त्या आजीची भिंत माझ्यासाठी त्याहून मोलाची ठरली.

वस्तीत शिरताना थेट कॅमेरा काढू नका. आधी ‘म्टा’च्या, म्हणजे मोहल्ल्याच्या कार्यालयात जा, अध्यक्षांना भेटा, चहा घ्या. न सांगता भिंती मोजणारा माणूस लाल फुली मारायलाच आला, असं लोकांना वाटतं, आणि त्यात त्यांची काय चूक?

मोजणी लोकांनीच करायची, ही रीत मुळात आपल्याकडून तिकडे गेलेली आहे. भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांची महिला मिलन आणि जॉकिन अर्पुथम यांची झोपडपट्टीवासीयांची संघटना यांनी स्वतःची जनगणना स्वतः करायला सुरुवात केली. १९९६मध्ये स्लम ड्वेलर्स इंटरनॅशनल ही अनेक देशांतल्या झोपडपट्टीवासीयांची संघटना उभी राहिली त्यात या अनुभवाचा मोठा वाटा होता. नैरोबीच्या मुकुरूत एक लाखाहून जास्त कुटुंबांच्या वस्तीला २०१७मध्ये विशेष नियोजन क्षेत्र जाहीर केलं गेलं, तेव्हा रस्ता किती रुंद आणि गटार कुठून, हे ठरवायला वस्तीतले गट बसले होते. भायखळ्याची माणसं तिकडे आदराने आठवली जातात. इथल्या किती नगररचनाकारांना ती माहीत आहेत कोण जाणे.

फीत कापणारा कोण हे माहीत, गाळ काढणारा कोण हे नाही

दार-ए-सलाममध्ये पाणी आणि सांडपाणी दावासाकडे. रस्त्याकडेच्या गटारांचा मोठा भाग २०१७पासून तारूरा या केंद्रीय संस्थेकडे. बस डार्ट एजन्सीकडे. कचरा नगरपालिकांकडे, आणि त्या पाच. एका मोरीत बाटल्या अडकल्या तर पाच कार्यालयांत फोन करावा लागतो, हा अनुभव मी घेतलाय. आराखड्यात प्रत्येक मोरीपुढे संस्थेचं नाव आणि साफसफाईचा वार्षिक खर्च लिहिता येत नसेल तर ती मोरी कागदावरून काढा.

गाड्यांचंही तेच. आदिस अबाबात २०१५मध्ये दिमाखात सुरू झालेल्या शहरी रेल्वेच्या ४१ गाड्यांपैकी बऱ्याच पुढे सुट्या भागांअभावी उभ्या राहिल्या. भाग चीनमधून यायचे आणि परकीय चलन नसायचं. दार-ए-सलाममध्येही डार्टच्या दुसऱ्या टप्प्याचा म्बागाला मार्ग तयार होऊन बसची वाट पाहत राहिला. इलेक्ट्रिक बसचा प्रस्ताव घेऊन जाणाऱ्यांनी आधी गॅरेजमध्ये बसून बघावं, तिथल्या मेकॅनिकला काय दुरुस्त करता येतं आणि काय येत नाही.

‘शहराने कर्ज उभारावं’ हा सल्लाही जपून द्या. पुणे महापालिकेने २०१७मध्ये २०० कोटींचे रोखे काढले, त्यामुळे आपल्याला ते सहज वाटतं. डाकारने २०१५मध्ये असेच रोखे काढायची तयारी पूर्ण केली होती, पण सेनेगलच्या केंद्र सरकारने ऐन वेळी अडवले. महापौर आणि केंद्र वेगवेगळ्या पक्षांचे होते. सल्लागाराच्या तक्त्यात पक्षाचा रकाना नसतो.

चूल विसरणे

कमी कार्बन म्हटलं की सगळे सौर पॅनेलकडे धावतात, आणि शहर कोळशावर शिजत राहतं. लोणारी कोळसा, स्वाहिलीत ‘म्का’. जंगलात लाकूड जळून तयार होतो, ‘गुनिया’तून, म्हणजे आपल्या गोणीतून, शहरात येतो आणि ‘डेबे’ने विकला जातो. डेबे म्हणजे आपला डबाच, शब्द आपल्याकडूनच गेलेत.

गॅस स्वच्छ आहे, सोपा आहे, दीर्घ काळात परवडतोही, तरी लोक का घेत नाहीत, असं अधिकारी विचारतात. रोज संध्याकाळी हातात जेवढे शिलिंग आले तेवढ्याचा कोळसा मिळतो. गॅसच्या टाकीचे सगळे पैसे एकदम द्यावे लागतात. गाठ एवढीच आहे. कोपागॅस नावाच्या उपक्रमाने टांझानियात टाकीला मीटर लावून, मोबाइलने भराल तितकाच गॅस, अशी सोय केली. ‘कोपा’ म्हणजे उसनं घेणं. सरकारचं २०२४चं धोरण २०३४पर्यंत ८० टक्के घरांत स्वच्छ इंधन पोचवायचं म्हणतं. तिथवर जायचं तर अनुदानाचा तक्ता करताना टाकीची किंमत नव्हे, दिवसाची कमाई बघा.

झाडं मोजायची कधी?

हे थोडक्यात. १४ ऑगस्ट २०१७ला सिएरा लिओनच्या फ्रीटाउनमध्ये झाडं तोडलेला, घरांनी भरलेला डोंगर खचला आणि हजारावर माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. तिथल्या महापौर इव्होन अकी-सॉयर यांनी २०२०पासून दहा लाख झाडांची मोहीम घेतली. वेगळेपण असं की लावणाऱ्याला नव्हे, जगवणाऱ्याला पैसे. प्रत्येक रोपाला क्रमांक, वस्तीतला माणूस ठरावीक काळाने येऊन मोबाइलवर फोटो घेतो, झाड जिवंत असेल तर मानधन मिळतं. तुमच्या अंदाजपत्रकात वृक्षलागवडीची रक्कम पहिल्याच वर्षी संपत असेल, तर निम्मी काढून तिसऱ्या वर्षाच्या रकान्यात टाका आणि ती कोणाच्या मोबाइलवर जाणार, ते शेजारी लिहून ठेवा.