विधिमंडळातील प्रश्नांची उत्तरे तयार करताना या चुका टाळा

तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराच्या, प्रश्नाचे उत्तर मंत्री सभागृहात देत असले, तरी ते तयार होते मंत्रालयातील कार्यासनावर (तो विषय हाताळणाऱ्या शाखेत), अधिवेशनाच्या धामधुमीत आणि क्षेत्रीय कार्यालयाकडून ऐनवेळी आलेल्या माहितीच्या आधारे. अशा उत्तरात धादांत खोटी माहिती क्वचितच असते. मंत्री अडचणीत येतात ते बहुधा आकडा कोणत्या तारखेचा, कोणत्या हद्दीचा आणि कोणत्या टप्प्यावरचा आहे, हे न लिहिल्यामुळे. वाहतूक, वित्त आणि लोकसंख्या या तीन विषयांत ही चूक सर्वाधिक होते आणि नेमक्या याच विषयांत सदस्यांची उपप्रश्नांची तयारी पक्की असते.

प्रश्न आपला आहे का?

मुंबईतील प्रवासी वाहतुकीवरचा एक साधा प्रश्न घ्या. लोकल गाड्या केंद्राच्या रेल्वे मंत्रालयाकडे, मेट्रो नगरविकास विभागाकडे, बेस्ट हा महापालिकेचा उपक्रम असल्याने तीही नगरविकासाच्याच कक्षेत, रिक्षा-टॅक्सीचे परवाने गृह विभागांतर्गत परिवहनाकडे आणि उड्डाणपुलाखालचा खड्डा रस्ता ज्या यंत्रणेचा आहे तिच्याकडे. सदस्याने हे सारे एका प्रश्नात गुंफले असेल, तर प्रश्न ज्या दिवशी कार्यासनावर आला त्याच दिवशी तो विभागून किंवा हस्तांतरित करून घ्यावा. चार-पाच दिवस तो फाइलीत ठेवून नंतर “सदर बाब या विभागाशी संबंधित नाही” असे कळवणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर असले, तरी त्यामुळे दुसऱ्या विभागाच्या हातात वेळच उरत नाही.

मुंबई–गोवा महामार्गाचे उदाहरण अधिक बोलके आहे. राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या पळस्पे ते इंदापूर या टप्प्याचे काम राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, तर पुढील कोकणातील टप्पे राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेमार्फत करण्याची व्यवस्था होती. “महामार्ग केंद्राचा आहे” एवढेच उत्तर दिले, तर भूसंपादन कोणी केले, मोबदल्याचे वाटप कोठे अडले आणि राज्याने केंद्राकडे कधी पाठपुरावा केला, हे प्रश्न लगेच उभे राहतात. काम केंद्राचे असले, तरी त्यात राज्याने काय केले ते उत्तरात यायलाच हवे.

तरतूद म्हणजे खर्च नव्हे

वित्तविषयक उत्तरांत सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे, त्यामुळे येथे थोडे थांबायला हवे. एखाद्या योजनेवर “किती निधी खर्च झाला” असा प्रश्न आला की पुष्कळदा अर्थसंकल्पातील तरतुदीचा आकडाच उत्तरात उतरवला जातो. प्रत्यक्षात अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष लेखे या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. त्यांच्या दरम्यान पुरवणी मागण्या येतात, पुनर्विनियोजन (एका बाबीचा निधी दुसरीकडे वळवणे) होते आणि बीम्स या निधी वितरणाच्या संगणक प्रणालीवर वितरित झालेला निधी ३१ मार्चपर्यंत पूर्णपणे काढला जातोच असेही नाही. म्हणून तरतूद, वितरण आणि खर्च यांचे तीन आकडे तीन वेगळ्या रकान्यांत आणि प्रत्येकापुढे तारीख घालूनच द्यावेत.

याहून अवघड जागा पुढेच आहे. निधी कोषागारातून काढून स्वीय प्रपंजी खात्यात (अधिकाऱ्याच्या नावे पैसे ठेवण्याच्या शासकीय खात्यात) किंवा एखाद्या महामंडळाच्या बँक खात्यात जमा केला, तर शासनाच्या लेख्यांत तो खर्ची पडतो, मात्र गावातील बसस्थानकाच्या कामावर त्यातला एक रुपयाही गेलेला नसतो. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक या प्रथेवर वारंवार बोट ठेवतात आणि त्यांचे अहवाल सदस्यांच्याही हाती असतात. उत्तरात “खर्च झाला” असे लिहिण्याआधी उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे निधी ठरलेल्या कामावर वापरल्याचा दाखला, आले आहे का, हे संबंधित कार्यालयाला विचारून घ्यावे.

कर्जाच्या प्रश्नातही असाच घोळ होतो. राज्याचे थकीत कर्ज, त्या वर्षीची राजकोषीय तूट आणि महामंडळांनी काढलेल्या कर्जाला शासनाने दिलेली हमी, या तीन गोष्टी सदस्य एकाच दमात विचारतात आणि उत्तर मात्र पहिल्या एका आकड्यावर संपते. हमी हे आजचे कर्ज नसले, तरी उद्या ते तिजोरीवर येऊ शकते, त्यामुळे तिचा आकडा वेगळा का होईना, द्यावाच.

एसटीच्या प्रश्नात वार्षिक तोटा आणि संचित तोटा यांची गल्लत तर नेहमीची. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत आणि महिलांना मार्च २०२३ पासून निम्म्या दरात प्रवास सुरू झाल्यावर शासनाकडून मिळणारी सवलत मूल्याची प्रतिपूर्ती ही महामंडळाच्या जमेची मोठी बाब झाली. ती किती मंजूर झाली, किती मिळाली आणि किती थकली, हे वेगळे न लिहिता “उत्पन्नात वाढ झाली” असे ठोकून दिले, तर प्रवाशांकडून आलेले भाडे आणि शासनाने भरून दिलेली रक्कम हे दोन्ही एकच समजले जाते.

जुन्या जनगणनेवर नवे उत्तर

२०२१ ची जनगणना कोविडमुळे लांबली आणि नव्या गणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ असा अधिसूचित झाला. त्यामुळे लोकसंख्येवरील बहुतेक उत्तरे अजूनही २०११ च्या आकड्यांवर उभी राहतात. त्यात गैर काही नाही, फक्त तसे स्पष्ट लिहावे. महाराष्ट्राची ११,२३,७४,३३३ ही लोकसंख्या २०११ ची अंतिम गणना आहे, आजची नाही. आजचा अंदाज द्यायचा असेल, तर केंद्राच्या तांत्रिक गटाने २०११ ते २०३६ या काळासाठी केलेल्या प्रक्षेपणाचा आधार घेऊन “प्रक्षेपित” हा शब्द आकड्याला चिकटूनच लिहावा.

हद्दीचे भान त्याहून महत्त्वाचे. ठाणे जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या १ कोटी १० लाखांहून अधिक होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा जिल्हा झाला. तरीही जुना आकडा आजच्या ठाणे जिल्ह्याचा म्हणून वापरला की डॉक्टरांचे प्रमाण, बसगाड्यांचे प्रमाण, दरडोई निधी असे सारेच चुकते. दरडोईच्या हिशेबात अंशस्थानी चालू वर्षाचे कर्ज आणि छेदस्थानी २०११ ची लोकसंख्या घेतली, तर बोजा आहे त्यापेक्षा मोठा दिसतो आणि शासनाचे उत्तर शासनाच्याच अंगावर येते.

तात्पुरते आणि अंतिम आकडेही पाहून घ्यावेत. शून्य ते सहा वयोगटातील दर हजार मुलग्यांमागे मुलींचे राज्यातील प्रमाण २०११ च्या तात्पुरत्या आकड्यांत ८८३ होते, तर अंतिम आकड्यांत ८९४. जुनी फाइल उघडून पहिला सापडला तो आकडा उचलला, की गोंधळ ठरलेला.

“हे खरे आहे काय?”

आपल्याकडील प्रश्नाची ठरलेली मांडणी अशी असते: अमुक घडले हे खरे आहे काय, असल्यास चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळले, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत. त्यातल्या एका तपशिलात, समजा तारखेत, चूक सापडली की कार्यासन हर्षभराने “हे खरे नाही” असे लिहिते आणि पुढच्या सर्व भागांपुढे “प्रश्न उद्भवत नाही” हा शिक्का बसतो. ही पळवाट सभागृहात पाच मिनिटेही टिकत नाही. घटना घडली असून तपशील वेगळा असेल, तर “अंशतः खरे आहे” लिहून योग्य तारीख द्यावी.

निर्णय कोणी आणि कधी घेतला, हे न लिहिल्यास काय होते, याचा दाखला जुना आहे. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे शेअर घेतल्याचा विषय १९५७ मध्ये लोकसभेत आधी प्रश्नांतूनच आला आणि डिसेंबरमध्ये फिरोज गांधी यांनी तो लावून धरला. न्या. एम. सी. छगला यांच्या आयोगाने मुंबईत जाहीर सुनावणी घेतली, तेव्हा व्यवहाराला नेमकी संमती कोणाची, यावर मंत्री आणि सचिव यांचे म्हणणे जुळेना. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

उत्तर दिल्यानंतर

“कार्यवाही करण्यात येईल”, “तपासून पाहू”, “माहिती पटलावर ठेवू” यांसारखी वाक्ये आश्वासन ठरू शकतात. संसदेत त्यांच्या पूर्ततेसाठी तीन महिन्यांची मुदत असते, तर राज्यातही आश्वासन समिती त्यांचा पाठपुरावा करते. वेळ मारून नेण्यासाठी ही वाक्ये टिपणीत घालू नयेत आणि मंत्र्यांनी ती सभागृहात उत्स्फूर्तपणे उच्चारली, तर कार्यवृत्त हाती येताच त्यांची नोंद करून जबाबदारी निश्चित करावी.

उत्तर चुकल्याचे नंतर लक्षात आले, तर ते कोणी उकरून काढणार नाही या आशेवर बसू नये. लोकसभेत मंत्र्यांच्या चुकीच्या विधानाच्या दुरुस्तीसाठी अध्यक्षांचा निर्देश ११५ आहे. मंत्री स्वतःहून निवेदन करून आकडा दुरुस्त करू शकतात आणि तसे न केल्यास सदस्यही चूक दाखवून देऊ शकतात. दुरुस्तीच्या निवेदनात जुना आकडा, नवा आकडा, दोहोंचा स्रोत आणि फरकाचे कारण एवढेच असावे. क्षेत्रीय कार्यालयावर खापर फोडणारी वाक्ये त्यातून खोडून टाकावीत, कारण उत्तर पटलावर गेले ते विभागाच्या नावाने.