छर्‍याच्या रायफलीचा खटका धरत नसेल तर

"नळी पार खालपर्यंत ओढली तरी खटका धरंना झालाय." नाहीतर, "धरतोय ओ, पण नळी बंद करताना सुटतोय." स्प्रिंगच्या एअर रायफलीबद्दल येणाऱ्या तक्रारी फिरून फिरून या दोनच. राधानगरीच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे 2024 साली पॅरिसहून कांस्य घेऊन आला, तेव्हापासून आमच्या निपाणी-बेळगाव पट्ट्यातही पोरांच्या हातात .177 ची (म्हणजे 4.5 मिमीची) रायफल जास्त दिसते. रायफलीबरोबर मोबाईलवरचे सल्लेही आले. 'स्क्रू आवळ', 'खटका कानशीनं घास', 'तेल सोड'. यातला कुठलाही एक सल्ला मनावर घेतला की चांगली रायफल दुरुस्तीला येते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हे सगळं 4.5 मिमीच्या, 20 ज्यूलच्या आतल्या, बिनपरवान्याच्या एअर रायफलीपुरतं आहे. खानापूर, जांबोटीकडचे शेतकरी रानडुकरांसाठी परवान्याची बंदूक बाळगतात आणि "जरा बघा की" म्हणून घेऊन येतात. ती मी हातात घेत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक दुरुस्त करायलाही परवाना लागतो. तिच्यासाठी परवानाधारक दुकानच गाठावं.

आत काय चालतं ते थोडक्यात. नळी बिजागरीवर खाली दुमडून ओढली की पिस्टन मागं सरकतो, स्प्रिंग दबते आणि शेवटाला एक पोलादी आकडा पिस्टनच्या खाचेत बसतो. त्याला सिअर म्हणतात, आपल्या भाषेत खटका. चाप ओढला की तो सुटतो. बार झाल्यावर चाप सैल पडून लोंबकळतो, म्हणून काहीजण घाबरतात. बऱ्याच मॉडेलांत चाप पुन्हा नळी ओढल्यावरच ताठ होतो. तो बिघाड नाही.

रायफल रिकामी आहे ना ते बघा, तोंड वाळूच्या पोत्याकडं ठेवा. नळी ओढताना शेवटपर्यंत हातातून सोडू नका. खटका धरला नाही तर नळी तशीच घट्ट धरून सावकाश परत वर न्या. छर्रा घालतानाही एका हातानं नळी धरलेलीच असावी. अर्धवट बसलेला खटका सुटला की नळी फटकन वर येते आणि नळी बंद होते तिथं बोट असलं तर ते जातं.

आता कान द्या. नळी ओढताना शेवटी 'टक्' असा स्पष्ट आवाज येतो का?

आवाज येतच नसेल तर ट्रिगरला, म्हणजे चाप-खटक्याच्या जोडणीला, हात लावू नका. पिस्टन खाचेपर्यंत पोचतच नाही, एवढाच त्याचा अर्थ. नळी ज्या दांडीनं पिस्टन ढकलते ती वाकली आहे का, तिचं टोक झिजलं आहे का, ते बघा. नवी, 'जास्त पॉवरची' स्प्रिंग घातल्यावर ही तक्रार सुरू झाली असेल तर कारण तीच. तारेची जाडी गुणिले वेढे, एवढा हिशेब करा. 3.25 मिमी तार आणि 33 वेढे म्हणजे कितीही दाबली तरी ती स्प्रिंग 107 मिमीच्या खाली जाणार नाही. पिस्टन मागं गेल्यावर आत जागा 105 उरत असेल तर खटका जन्मात धरणार नाही. जास्तीचे वॉशर घातले असतील तर ते काढा, तरी जमलं नाही तर जुन्या मापाची स्प्रिंग परत बसवा. स्प्रिंग कापण्याच्या भानगडीत पडू नका.

आवाज येतो, पण चापाला बोटही न लावता बार होतो. खरी डोकेदुखी ही. मलाही बराच काळ हीच छळायची. कारण ही रायफल दहा वेळा नीट वागते आणि अकराव्यांदा दगा देते. इथं प्रश्न असतो तो आकडा खाचेत किती खोल बसला याचा. काठावर बसला असेल तर नळी बंद करतानाच्या धक्क्यानंही निसटतो. आणि काठावर बसतो तो बहुतेक वेळा कुणीतरी चाप हलका करायला स्क्रू फिरवलेला असतो म्हणून. विचारलं तर कुणीच फिरवलेला नसतो!

स्टॉक, म्हणजे दस्ता, उतरवा. चापाजवळ एक किंवा दोन छोटे स्क्रू दिसतील. ते फिरवण्याआधी प्रत्येकाच्या डोक्यावर आणि शेजारच्या धातूवर नेलपॉलिशची एक सरळ रेघ मारा. किती फिरवला हे त्याशिवाय कळत नाही, अंदाजावर विसंबू नका. दोन स्क्रू असतील तर साधारण एक चापाच्या पहिल्या टप्प्याची लांबी ठरवतो आणि दुसरा दुसऱ्या टप्प्याची, म्हणजे खटक्याच्या पकडीची. कुठला कुठला ते मॉडेलप्रमाणे बदलतं, तेव्हा कंपनीचं माहितीपत्रक बघा. एकच स्क्रू असेल तर पुष्कळदा तो फक्त चापाच्या स्प्रिंगचा ताण बदलतो, पकडीशी त्याचा संबंध नसतो. तो तासभर फिरवत बसलात तरी काही होणार नाही.

पकड वाढवताना एका वेळी पाव फेरा. पाव म्हणजे पावच. चाप जड आणि लांब होईल, होऊ द्या. प्रत्येक पाव फेऱ्यानंतर स्टॉक चढवून चाचणी घ्या. छर्रा घाला (रिकामी उडवली की पिस्टनचं सील खराब होतं), नळी बंद करा, नेम पोत्यावर धरा. चापापासून बोट लांब ठेवून दस्त्याला रबरी हातोडीनं दोन-तीन टोले द्या. सुटता कामा नये. मग सेफ्टी लावून चाप जोरात ओढा, बोट काढा आणि त्यानंतर सेफ्टी काढा. त्या क्षणी बार झाला तर रायफल वापरायच्या लायकीची नाही. या दोन्ही चाचण्या पुन्हा पुन्हा घ्या. एकदा धरला म्हणून खूश होणारे लोक मला कळत नाहीत.

पुरेशी पकड देऊनही निसटत असेल तर आकड्याची धार गोल झाली आहे. इथं कानस काढणाऱ्याचा हात धरा. खटक्याला कडकपणा पुष्कळदा वरच्या पातळ थरालाच दिलेला असतो. तो थर घासून गेला की खालचं मऊ लोखंड भराभर झिजतं. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर पिन हुबेहूब करून मिळते, पण खटका तिथं करून घेऊ नका. कंपनीचा नवा मागवा.

तिसरा प्रकार आमच्या हवामानाचा. उन्हाळ्यात ठीक चालणारा खटका पावसाळ्यात किंवा डिसेंबरच्या पहाटे आळसावतो. चाप सावकाश परत येतो, आकडा उशिरा पडतो. आत बघावं तर मेणासारखं घट्ट झालेलं ग्रीस, नाहीतर गंज, नाहीतर खोबरेल. होय, खोबरेल घालणारे आहेत! ते 24 अंशांच्या खाली गोठतं, आणि बेळगावची थंडी त्याहून बरीच खाली जाते. शिलाई मशीनचं तेलही नको. ते पातळ असतं, ओघळून पिस्टनपुढं जातं, दाबानं पेटतं आणि नळीतून धूर येतो. जुनं ग्रीस ब्रशनं आणि थोड्या पेट्रोलनं उघड्यावर साफ करा, कोरडं होऊ द्या, आणि खटक्याच्या घासणाऱ्या जागी मोहरीएवढं मॉलिब्डेनम ग्रीस लावा. बास.

स्क्रूचं आणि साफसफाईचं काम ट्रिगर जागेवर असतानाच करायचं. पिना ठोकून काढायची घाई नको. काही रायफलींत ट्रिगरचा ठोकळा दोन पिनांवर सुटा निघतो, काहींत तीच पिन दाबलेल्या स्प्रिंगला अडवून असते. दुसऱ्या प्रकारात पिन निघाली की ठोकळा छातीवर येतो. स्प्रिंग दाबून धरणारा शिकंजा नसेल तर तिथं थांबा आणि रायफल तशीच कंपनीकडं पाठवा. पाठवताना ती ताणलेली नाही ना तेवढं बघा.