बोटीतलं जुनं पेट्रोल उपसायचंय? आधी ते कुठे देणार ते ठरवा

बोट वर्षभर उभी राहिली की परत काढताना लोक बॅटरी बघतात, प्लग बघतात, बेल्ट बघतात आणि टाकीतल्या पेट्रोलकडे बघून म्हणतात, अरे वा, अर्धी टाकी शिल्लक आहे की. मग इंजिन खोकायला लागतं आणि बंद पडतं, ते पण नेमकं काठापासून लांब गेल्यावर. मी पण हेच केलेलं आहे. कार्ब्युरेटर दोनदा खोलून साफ केला, तिसऱ्यांदा परत जेट (त्यातलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) चोंदला तेव्हा कुठे ट्यूब पेटली की घाण टाकीतनं येतेय.

पण लगेच नळी घेऊन टाकीकडे धावू नका. उपसणं हे तास-दोन तासांचं काम आहे, खरी पंचाईत नंतर होते, ओळीने भरलेले कॅन समोर आणि कोणीच घ्यायला तयार नाही. म्हणून आधी फोन करा. घातक कचरा घेणारं अधिकृत केंद्र, मरिना म्हणजे बोटी लावायचा धक्का, जळकं ऑइल गोळा करणारे, जे जवळ असेल ते, आणि त्यांना सरळ विचारा की पेट्रोल घेता का (काही ठिकाणी फक्त ऑइल आणि डिझेल घेतात), पाणी मिसळलेलं चालतं का, एका वेळेला किती लिटर आणि कॅन परत देता का. ही चार उत्तरं मिळाल्याशिवाय टाकीचं झाकणही उघडू नका.

मग कॅनचा हिशेब. समजा २०० लिटर आहे. २० लिटरचा कॅन काठोकाठ भरायचा नाही, उन्हात पेट्रोल फुगतं, म्हणून १९ धरा, म्हणजे ११ कॅन झाले, आणि एकेक भरलेला कॅन साधारण १४-१५ किलोचा. ते उचलून गाडीपर्यंत कोण नेणार हेही आत्ताच ठरवा. कॅन पेट्रोलसाठीचेच हवेत. दुधाचे कॅन, पाण्याच्या बाटल्या अजिबात नको, प्लास्टिक मऊ पडतं आणि कोणीतरी पाणी समजून तोंडाला लावेल ती भीती वेगळीच.

आता मुळात उपसायची गरज आहे का ते बघू, कारण सगळंच जुनं इंधन फेकायचं नसतं. टाकीच्या तळातनं थोडं काचेच्या बरणीत घ्या आणि अर्धा तास हलवू नका. चांगलं पेट्रोल आरपार स्वच्छ दिसतं. खराब झालेलं चहासारखं गडद दिसतं आणि त्याला पेट्रोलचा झणका न येता जुन्या वॉर्निशसारखा आंबूस वास येतो. आणि बरणीत तळाला वेगळा थर बसलेला दिसला, मधे स्पष्ट रेघ, तर समजायचं की इथेनॉलने, म्हणजे पेट्रोलमधे मिसळलेल्या अल्कोहोलने, घात केला. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, १० टक्के इथेनॉलवाल्या १०० लिटर पेट्रोलमधे साधारण अर्धा लिटर पाणी विरघळून राहू शकतं, त्याच्यावर गेलं की पाणी आणि इथेनॉल दोघं हातात हात घालून तळाला जाऊन बसतात. इंजिनाला जाणारी नळी पण तळाजवळूनच ओढते, म्हणजे थर जरा वाढला की इंजिनाला पहिला घास तोच. एकदा थर वेगळे झाले की कुठलंही स्टॅबिलायझर (पेट्रोल टिकवायला टाकायचं औषध) ते परत एक करत नाही, बाटलीवर काहीही लिहिलेलं असू दे.

डिझेलची गोष्ट वेगळी. त्यात पाणी आणि डिझेल जिथे टेकतात तिथे जंतू वाढतात आणि काळा बुळबुळीत चिकटा तयार होतो, फिल्टर चोंदतो तो त्यानेच. पण डिझेल बरेचदा गाळून, तळातलं पाणी काढून, जंतुनाशक टाकून वाचतं. भरपूर डिझेल असेल तर सगळं फेकण्याआधी गाळून देणाऱ्या माणसाला एकदा दाखवा.

पेट्रोल उपसायचंच ठरलं तर बोट शक्यतो पाण्याबाहेर, ट्रेलरवर, उघड्या हवेत घ्या, गॅरेजमधे नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती उडून जात नाही, खाली बिल्जमधे म्हणजे बोटीच्या पोटात साचते, आणि उणे ४० डिग्रीच्या थंडीतसुद्धा पेट घेण्याइतकी वाफ पेट्रोल सोडतं. त्यामुळे आधी ब्लोअर, म्हणजे बिल्जमधली हवा बाहेर फेकणारा पंखा, ५ मिनिटं चालवा, बिल्जमधे नाक घालून वास नाही ना बघा, मग बॅटरी काढा, आधी निगेटिव्ह. हे सगळं टाकी उघडायच्या आधी, कारण टर्मिनल काढताना ठिणगी पडू शकते. मोबाईल लांब, सिगरेट त्याहून लांब, आगीचा सिलिंडर हाताशी. आणि घरातला पाण्याचा इलेक्ट्रिक पंप किंवा ड्रिलला लावायचा पंप वापरायचा मोह होतो, तो आवरा.

आउटबोर्डची (बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाची) सुटी टाकी असेल तर काय प्रश्नच नाही, टाकी उचलून जमिनीवर आणा आणि नरसाळ्याने ओता. बसवलेल्या टाकीला मात्र खाली नळ नसतो, सगळं वरूनच ओढावं लागतं. भरायच्या तोंडातनं नळी घालायला जाल तर बरेचदा मधल्या वळणात अडकते. त्यापेक्षा इंजिनाकडे जाणारी नळी फिल्टरपाशी सोडवा, तिला प्राइमरचा रबरी फुगा (हाताने दाबून पेट्रोल ओढायचा) लावा, फुग्यावरचा बाण कॅनच्या दिशेला, आणि दाबत राहा. तोंडाने ओढायचं नाही, कितीही घाई असली तरी, घोटभर पेट्रोल फुफ्फुसात गेलं तर थेट हॉस्पिटल.

इथे एक गंमत सांगतो. मी फुगा दाबला, पेट्रोल आलं, म्हटलं आता सायफन लागला, आपोआप येईल, आणि हात काढला की बंद. अर्धा तास नळी झटकत बसलो होतो. बऱ्याच टाक्यांमधे इंजिनाची नळी जिथून निघते तिथे अँटी-सायफन व्हॉल्व्ह असतो, आत छोटी गोळी आणि स्प्रिंग, नळी फुटली तर टाकी बिल्जमधे रिकामी होऊ नये म्हणून. म्हणजे तो बरोबर काम करत होता, मीच येडा. तो फिरवून काढता येतो, नाहीतर पेट्रोलसाठीचा हातपंप लावा. व्हॉल्व्ह काढला असेल तर आठवणीने परत बसवा.

कॅन भरताना जमिनीवरच ठेवा, गाडीच्या डिकीत किंवा प्लास्टिकच्या शीटवर ठेवून नाही, स्टॅटिकची ठिणगी उडते. नळीचं तोंड कॅनला टेकलेलं ठेवा आणि धार हळू. शेवटचे दोन बोटं पेट्रोल नळीला लागत नाही, आणि नेमकं पाणी आणि गाळ तिथेच असतो. बोटीचं पुढचं टोक थोडं वर करा म्हणजे उरलेलं मागे येतं, मग गेजच्या सेंडरचे (टाकीवर बसवलेला, आत इंधन किती ते मोजणारा भाग) स्क्रू काढून त्या भोकातनं काठीला बांधलेली बारीक नळी कोपऱ्यात पोचवा. सेंडर परत लावताना गॅस्केट नवीन. आणि रिकामी टाकी म्हणजे सुरक्षित टाकी असं समजू नका, आत नुसती वाफ असते, तिच्याजवळ वेल्डिंग-ड्रिलिंग करणं म्हणजे भरलेल्या टाकीपेक्षा वाईट.

प्रत्येक कॅनवर मार्करने लिहा काय आहे, पाणी आहे का, टू-स्ट्रोकचं ऑइल मिसळलंय का. जळक्या इंजिन ऑइलमधे ओतू नका, मग ते ऑइलही कोणी घेत नाही. नुसतंच थोडं जुनं, स्वच्छ, पाणी नसलेलं आणि ऑइल न मिसळलेलं पेट्रोल असेल तर ताज्यात थोडं थोडं मिसळून संपवता येतं, मी १ भागाला ५-६ भाग ताजं धरतो, गवत कापायच्या मशीनमधे, तेही फोर-स्ट्रोक. थर झालेलं असेल तर हा विचार सोडा. गटारात, मातीत, पाण्यात तर नाहीच, आणि उघड्यावर ठेवून उडवून टाकणारे पण असतात, ते वाफ सगळ्यांच्या नाकात घालतात आणि एखाद्या ठिणगीची वाट बघतात.

पाण्यावर तवंग दिसला तर लिक्विड सोप ओतू नका. तवंग दिसायचा थांबतो एवढंच, इंधन पाण्यात बारीक होऊन खाली जातं आणि गोळाही करता येत नाही. फक्त तेल शोषणारे पांढरे पॅड मिळतात, ते आधीच जवळ ठेवा. भिजलेले पॅड आणि चिंध्या झाकणाच्या धातूच्या डब्यात घालून कॅनबरोबरच केंद्रावर द्या.

नवीन पेट्रोल भरायच्या आधी वॉटर सेपरेटर म्हणजे पाणी वेगळं काढणारा फिल्टर बदला, कार्ब्युरेटर असेल तर त्याची वाटी रिकामी करा, आणि नळ्या वाकवून बघा, चिरा दिसल्या तर त्याही बदला. प्राइमर दाबून सगळे सांधे तपासा, वास गेला की मगच बॅटरी जोडा. पहिल्यांदा बोट काठाला दोरीने बांधलेली असतानाच इंजिन चालवा, निदान १५ मिनिटं, आणि दोन-तीन तास वापर झाला की फिल्टर काढून बरणीत रिकामा करा. परत रेघ दिसली तर टाकीच्या कोपऱ्यात अजून पाणी आहे, पुन्हा सेंडर खोला.