प्रशिक्षक आणि खेळाडू यांच्यातील वाद कसा हाताळावा

कबड्डीच्या संघात 12 खेळाडू असतात आणि मैदानात एका वेळी 7 जणच उतरतात, त्यामुळे रत्नागिरी-सिंधुदुर्गातील महाविद्यालयांत पुष्कळ वादांची ठिणगी बाहेर बसलेल्या पाचांपैकी कुणाच्या तरी मनात पडते. सामना संपल्याबरोबर, अंगावरचा घाम वाळायच्या आत, चारचौघांत हा विषय काढू नये. दुसऱ्या दिवशी वेळ मागून जिमखान्यात बसून बोलावे. “मला का वगळलं?” या प्रश्नावर सर बचावाला लागतात, “सर, माझी चढाई कुठे कमी पडते?” असे विचारल्यास त्यांना काहीतरी शिकवावेच लागते.

प्रशिक्षकांनीही निवडीचे निकष हंगामाच्या आरंभीच लिहून लावावेत. शेवटची एसटी चुकू नये म्हणून सराव अर्धवट सोडणाऱ्या मुलाला बेशिस्त ठरवण्यापूर्वी त्याला जवळ बोलावून कारण विचारावे. भातलावणीच्या दिवसांत तर ही चौकशी आवर्जून करावी, कारण तेव्हा घरातला प्रत्येक हात शेतात लागतो.

बोलून सुटले नाही, तर क्रीडा संचालक आणि मग प्राचार्यांकडे जावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या विनियमांत विद्यार्थी तक्रार निवारण समितीची तरतूद आहे. अर्जात तारीख, ठिकाण व घडलेली गोष्ट नेमकी लिहून पोच घ्यावी. मारहाण किंवा लैंगिक छळ झाला असेल, तर मात्र समजुतीत एक दिवसही घालवू नये. छळाची लेखी तक्रार थेट अंतर्गत तक्रार समितीकडे, शक्यतो 3 महिन्यांच्या आत करावी.