आठ बाइटांचा घोळ: पॅकेटचा नेमका आकार कसा मोजायचा

व्हीपीएन (दूरच्या नेटवर्कपर्यंतची खासगी वाट) जोडलं जायचं, पलीकडच्या डेटाबेसमध्ये लॉगिनही व्हायचं. दहा ओळींची क्वेरी झटकन यायची. हजार ओळी मागितल्या की स्क्रीन गोठायची. ना एरर, ना उत्तर. मी दोन संध्याकाळी डेटाबेसवर संशय घेण्यात घालवल्या. खरं तर लक्षण सरळ होतं: लहान पॅकेट (नेटवर्कवरून जाणारा डेटाचा गठ्ठा) पोचतंय, मोठं वाटेत मरतंय. असं दिसलं की आधी एमटीयू मोजा, म्हणजे त्या वाटेवरून न तोडता जाऊ शकणाऱ्या पॅकेटचा सर्वात मोठा आकार. 'डोळे झाकून १४०० टाका' हा सल्ला मीही पाळलाय. बहुतेक वेळा चालतं, पण का चालतं ते कळत नाही आणि लाइन बदलली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मोजायला पिंग (समोरच्या यंत्राला हाक मारून उत्तर येतं का बघणारी कमांड) पुरतं. व्हीपीएन बंद ठेवा आणि आधी साधं पिंग मारून समोरचा सर्व्हर उत्तर देतो ना ते बघा, नाहीतर पुढचं सगळं मोजमाप फुकट. मग पॅकेटवर 'तुकडे करू नका' असा शिक्का मारून पाठवायचं. विंडोजमध्ये त्यासाठी डॅश एफ, आणि आकारासाठी डॅश एल. लिनक्समध्ये डॅश कॅपिटल एम आणि पुढे 'डू', आकाराला डॅश एस. मॅकवर डॅश कॅपिटल डी आणि डॅश एस.

सुरुवात १४७२ पासून, कारण इथरनेटचा एमटीयू १५००. त्यातले २० बाइट आयपी हेडरचे (पॅकेटवरच्या पत्त्याचे), ८ आयसीएमपीचे (पिंग आणि नेटवर्कचे निरोप याच भाषेत जातात). पिंगला दिलेल्या आकड्यात हे २८ धरलेले नसतात. इथेच निम्मे लोक चुकतात आणि राउटरमध्ये १४७२ टाकून मोकळे होतात.

माझ्याकडे १४७२ गेलं नाही. १४०० गेलं. मग दरवेळी मधला आकडा: १४३६ गेलं, १४५४ गेलं, १४६३ गेलं, १४६७ अडलं, १४६५ अडलं, १४६४ गेलं. त्यात २८ मिळवले की १४९२. हा आकडा पाहिला की ओळखायचं, लाइन पीपीपीओई आहे, म्हणजे लॉगिन करून जोडली जाणारी ब्रॉडबँड लाइन. ते प्रत्येक पॅकेटमागे ८ बाइट खातं. अडलेल्या पॅकेटला 'तुकडे करावे लागतील' असं उत्तर आलं तर बरं. नुसता टाइमआउट आला, तर वाटेत कुणीतरी ते उत्तर गिळतंय.

एवढा आटापिटा कशासाठी? शिक्का न मारता १४७३ पाठवून बघा. पॅकेट होतं १५०१ बाइटांचं. १५०० च्या लाइनवर त्याचे दोन तुकडे पडतात: पहिला १५०० चा, दुसरा २१ चा. त्या दुसऱ्यात २० बाइट हेडर आणि माल एकच बाइट! दोन्हीपैकी एक हरवला की अख्खं पॅकेट वाया. शिवाय दुसऱ्या तुकड्यात पोर्ट नंबर (माल कोणत्या प्रोग्रामचा ते सांगणारा आकडा) नसतो, म्हणून बरेच फायरवॉल तो सरळ फेकतात. आयपीव्ही६ (आयपीची नवी आवृत्ती) मध्ये तर राउटर तुकडे करतच नाहीत. 'पॅकेट मोठं आहे' असा निरोप पाठवणाऱ्याला देतात आणि पॅकेट टाकून देतात.

माझं दुखणं तेच होतं. माझ्या व्हीपीएनचं, म्हणजे वायरगार्डचं, टनेल आयपीव्ही६ वरून चाललं होतं, आणि त्याचं प्रत्येक पॅकेटवरचं ओझं ८० बाइट (जुन्या आयपीव्ही४ वर ६०). दोन्ही टोकांची मशीन आपापल्या नेटवर्क कार्डावर १५०० बघून टनेलला १४२० देत होती. मधल्या पीपीपीओईचा पत्ता दोघांनाही नव्हता. हवं होतं १४९२ वजा ८०, म्हणजे १४१२. सर्व्हरकडे परतणारा निरोप फायरवॉलमध्ये अडत होता, आणि 'सुरक्षेसाठी' आयसीएमपी बंद करणारा महाभाग मीच.

आता दुरुस्ती. टनेलचा एमटीयू दोन्ही टोकांना सारखा ठेवा. एकाच बाजूला बदलून मी आणखी एक तास घालवला. राउटरच्या वॅन (इंटरनेटकडच्या) बाजूला १४९२ द्या. आतली सगळी यंत्रं बदलत बसायचं नसेल तर राउटरवर एमएसएस क्लॅम्पिंग (एका पॅकेटात किती माल भरायचा याची मर्यादा) लावा: आयपीव्ही४ साठी १४५२, आयपीव्ही६ साठी १४३२. मात्र ते फक्त टीसीपीला (आधी जोडणी करून, पोच घेत डेटा पाठवणारी पद्धत) लागू पडतं, यूडीपीला (जोडणी आणि पोच नसलेली पद्धत) त्याचा उपयोग शून्य. आणि फायरवॉलमध्ये आयसीएमपीचा टाइप ३ कोड ४, तसंच आयसीएमपीव्ही६ चा टाइप २, हे उघडे ठेवा; 'तुकडे करावे लागतील' आणि 'पॅकेट मोठं आहे' हे निरोप म्हणजे हेच. उगाच १३०० वगैरे करून ठेवू नका. तेवढ्याच डेटाला जास्त पॅकेट लागतात. आयपीव्ही६ ला तर १२८० च्या खाली चालतच नाही.

शेवटी पुन्हा तेच पिंग, मोजलेल्या आकड्यावर आणि त्याहून एक जास्तवर. पहिलं गेलं पाहिजे, दुसरं अडलं पाहिजे. वाट पलीकडून वेगळी असू शकते, म्हणून जमलं तर समोरच्या टोकावरूनही मोजा. आणि मग ती हजार ओळींची क्वेरी चालवा.