पेरणीआधी सेंद्रियचा विचार करताय? आधी जमिनीला खायला घाला

नांगरट उरकली आहे, ढेकळे उन्हात तापत पडली आहेत आणि पेरणीला अजून पाच-सहा आठवडे आहेत. सेंद्रिय शेतीकडे वळायचे मनात असेल तर ठरवायची वेळ हीच. पीक उगवून आल्यावर ‘यंदा रासायनिक काही टाकायचे नाही’ असे ठरवले, तर महिन्याभरात पीक पिवळे पडते आणि तो शेतकरी पुढची दहा वर्षे सेंद्रियचे नाव काढत नाही. मला याचे फार वाईट वाटते, कारण दोष पद्धतीचा नसतो. युरिया बंद आणि फवारणी बंद एवढेच केले तर जमीन उपाशी राहते, आणि उपाशी जमीन कुणालाच पिकवून देत नाही.

साधा हिशोब करा. धान्याचे हेक्टरी ३ टन उत्पादन घ्यायचे तर पीक जमिनीतून साधारण ६० ते ७५ किलो नत्र (नायट्रोजन) उचलते. चांगल्या शेणखतात नत्र अर्धा टक्का धरतात, म्हणजे १० टन खतात ५० किलो. पण पहिल्या हंगामात त्यातला जेमतेम एक तृतीयांश पिकाला मिळतो, बाकीचा पुढच्या वर्षांसाठी जमिनीत राहतो. म्हणजे यंदा हाती १५-१७ किलो. उरलेला खड्डा भरणार कशाने? याचे उत्तर तयार नसेल तर सगळे रान एकदम सेंद्रियकडे नेऊ नका. २०२१ मध्ये श्रीलंकेने रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. पुरेसे सेंद्रिय खत तयार नव्हते, भाताचे उत्पादन घसरले आणि त्याच वर्षी निर्णय मागे घ्यावा लागला. अख्ख्या देशाला जे घाईत जमले नाही, ते एका कुटुंबाने एका हंगामात अंगावर घेऊ नये.

एकूण रानाचा चौथा हिस्सा घ्या. शक्यतो वरच्या अंगाचा, जिथे शेजारच्या शेतातून पाणी वाहून येत नाही. आणि त्यावर सगळे बळ लावा.

फायदा कुणाला आणि कधी?

हे आधी नीट समजून घेतले म्हणजे पहिल्या दोन वर्षांत धीर सुटत नाही. पहिला फायदा घरातल्यांचा, आणि तो पहिल्याच दिवसापासून. कीटकनाशकाचा सर्वात मोठा डोस भाजी खाणाऱ्याच्या पोटात जात नाही. पाठीवर पंप घेऊन वाऱ्याच्या उलट्या दिशेने चालणाऱ्या माणसाच्या अंगावर, त्याचे कपडे धुणाऱ्या बाईच्या हातावर आणि फवारलेल्या रानात दुसऱ्या दिवशी खुरपायला बसणाऱ्यांवर तो पडतो. सेंद्रियची चर्चा नेहमी ग्राहकाच्या आरोग्यापासून सुरू होते. माझ्या मते ती फवारणाऱ्याच्या आरोग्यापासून सुरू व्हायला हवी.

दुसरा फायदा जमिनीचा. तो सावकाश येतो, पण टिकतो. स्वित्झर्लंडमध्ये १९७८ पासून एकाच रानात सेंद्रिय आणि रासायनिक पद्धतींची शेजारी शेजारी तुलना चालू आहे. पहिल्या २१ वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. सेंद्रिय तुकड्यांचे उत्पादन सरासरी २० टक्क्यांनी कमी आले, पण खते आणि ऊर्जेचा वापर ३४ ते ५३ टक्क्यांनी कमी होता आणि कीटकनाशकांचा ९७ टक्क्यांनी. गांडुळे आणि मुळांशी सोबत करणाऱ्या बुरशा सेंद्रिय तुकड्यांत जास्त होत्या. उत्पादन घटते हे मी लपवणार नाही. घटलेल्या उत्पादनातूनही हाती काय उरते ते खर्चाची वजाबाकी केल्यावरच कळते, म्हणून पहिल्या दिवसापासून खर्चाची वही ठेवा.

तिसरा फायदा खाणाऱ्याचा. सेंद्रिय धान्यात किंवा भाजीत जीवनसत्त्वे खूप जास्त असतात असे छातीठोकपणे मी सांगणार नाही, त्यावर अभ्यासकांचे एकमत नाही. मात्र विषारी अंशांबाबत चित्र बरेच स्पष्ट आहे. ३४३ अभ्यासांचा एकत्र आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कीटकनाशकांचे अंश सापडण्याचे प्रमाण रासायनिक शेतीतल्या पिकांत सेंद्रियच्या चौपट होते आणि कॅडमियम हा जड धातू सेंद्रिय पिकांत सरासरी निम्म्याच्या आसपास होता. आंतरप्रवाही कीटकनाशक पानाच्या आत उतरते, ते धुऊन जात नाही. भाजी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवणाऱ्यांना हे सांगायला हवे.

आपल्या जमिनीची आजची स्थिती घरीच पाहता येते. शेतातले सुपारीएवढे वाळलेले ढेकूळ आणि बांधावरच्या झाडाखालचे तेवढेच ढेकूळ, दोन काचेच्या पेल्यांत पाणी घेऊन अलगद सोडा. झाडाखालचे बराच वेळ तग धरते. शेतातले दोन मिनिटांत विरघळून पाणी गढूळ झाले तर समजा, पहिल्या जोरदार पावसात तुमच्या रानाचेही तेच होते. वरचा थर मिटतो, पाणी मुरत नाही आणि माती घेऊन वाहते. मातीचे कण एकत्र धरून ठेवायचे काम सेंद्रिय पदार्थ आणि त्यावर जगणारे जीव करतात. हीच चाचणी दर वर्षी याच दिवसांत करा. प्रयोगशाळेत नमुनाही द्या: नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी १५ ते २० सेंटिमीटर खोल ‘व्ही’ आकाराचा खड्डा घेऊन कडेची माती काढा, मिसळा आणि अर्धा किलो पाठवा. जुन्या उकिरड्याची, झाडाखालची किंवा बांधालगतची माती त्यात नको. सेंद्रिय कर्ब, म्हणजे सेंद्रिय पदार्थांतला कार्बन, अर्ध्या टक्क्याच्या खाली आला तर तो कमी समजतात.

खत कच्चे नको

आता खताकडे वळू, कारण सर्वात जास्त चुका इथे होतात. उकिरड्यावरचे अर्धवट कुजलेले खत ट्रॉलीने आणून पसरले की शेतात तीन गोष्टी एकदम जातात: मुळे खाणाऱ्या हुमणीच्या अळ्या, तणांचे बी आणि नत्राची तूट. तूट अशी की काडीकचऱ्यात कर्ब भरपूर आणि नत्र थोडा असतो. तो कुजवणारे जिवाणू आपली भूक भागवायला जमिनीतलाच नत्र ओढून घेतात आणि तेवढे दिवस पीक पिवळे राहते. कच्चे खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांसाठी तर ताजे शेण आणखी धोक्याचे, त्यातले रोगजंतू थेट ताटात येतात. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत, खाण्याचा भाग मातीला लागत असेल तर कच्चे शेण घातल्यापासून काढणीपर्यंत १२० दिवसांचे अंतर लागते. हे अंतर कुणीही कुठेही पाळावे असेच आहे.

ढीग आजच रचा. लांबी-रुंदी-उंची किमान एक-एक मीटर, नाहीतर आत उष्णता धरत नाही. वाळलेल्या काडीकचऱ्याचे दोन-तीन भाग, हिरवा पाला आणि शेण मिळून एक भाग, असे थर द्या. कर्ब आणि नत्राचे सुरुवातीचे प्रमाण २५ ते ३० ला १ असे जमले की ढीग आपोआप तापतो. ओलावा तपासायला मूठभर माल घट्ट पिळा: बोटांतून एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर पाणी जास्त, हात कोरडाच राहिला तर कमी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लोखंडी सळई ढिगाच्या मधोमध खुपसून पाच मिनिटांनी काढा. हातात धरवत नसेल तर काम नीट चालू आहे. आतले तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सिअस काही दिवस टिकले की तणांचे बी आणि बहुतेक रोगजंतू मरतात. कडेचा माल मध्ये येईल अशी पाच वेळा तरी उलथापालथ करा, कारण कडेला ती उष्णता पोचत नाही. वर झाकण हवेच. उघड्या ढिगाखालून पावसात वाहणारे तांबूस पाणी म्हणजे तुमचे खतच.

खत तयार झाले का? काळपट तपकिरी रंग आणि पावसाच्या मातीसारखा वास ही जुनी खूण आहेच. शिवाय ओलसर खत पिशवीत तीन दिवस घट्ट बांधून ठेवा आणि उघडा. नाकात अमोनियाचा उग्र वास गेला तर थांबा. पुरेसा अवधी उरला नसेल तर हा ढीग पुढच्या पिकासाठी राखा, आणि या पेरणीला गेल्या वर्षीचे जुने, मुरलेले खत वापरा.

खत विकत आणणार असाल तर एक जास्तीची काळजी. काही तणनाशके चाऱ्यातून जनावराच्या पोटात जातात आणि शेणातही विखारी राहतात. कुंडीत ते खत आणि थोडी माती घालून घेवड्यासारख्या शेंगवर्गीय पिकाचे आठ-दहा दाणे पेरा. दोन-तीन आठवड्यांत कोवळी पाने द्रोणासारखी वळली किंवा पिळवटली तर ते खत शेतात नेऊ नका. खत पसरल्यावर त्याच दिवशी वखरून मातीआड करा. उन्हात पडून राहिले की नत्र हवेत उडून जातो.

नत्राची उरलेली तूट हिरवळीच्या खताने भरते. ताग किंवा धैंचा पेरून ४५ ते ५० दिवसांनी, फुलोरा येताना, गाडला तर हेक्टरी १५ टन हिरव्या मालातून ६० किलोच्या आसपास नत्र मिळतो. फुलोरा उलटून गेला की खोड लाकडासारखे होते आणि कुजायला वेळ घेते. गाडल्यावर दहा-पंधरा दिवस थांबून मग पेरा. पेरणीआधी एवढे दिवस उरले नसतील किंवा पाण्याअभावी आत्ता जमत नसेल तर मुख्य पिकाच्या ओळींत शेंगवर्गीय आंतरपीक घ्या. आणि काडीकचरा जाळू नका. काडीतला जवळजवळ सगळा नत्र त्या धुरात जातो.

बियाणे बुरशीनाशक न लावलेले घ्या. लाल-निळ्या रंगाचा दाणा दिसला तर तो सेंद्रिय तुकड्यासाठी नाही. किलोमागे ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) चोळा, शेंगवर्गीय पिकाला त्यानंतर शेवटी २५ ग्रॅम रायझोबियम (हवेतला नत्र मुळांच्या गाठींत धरणारे जिवाणू). सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. रायझोबियम पिकाच्या गटानुसार वेगवेगळे असते, पाकिटावर पीक आणि अंतिम तारीख दोन्ही वाचा.

तणांचा बंदोबस्त पेरणीआधीच अर्धा होतो. पहिल्या ओलीवर घाईने पेरू नका, तण उगवून येऊ द्या, कोवळे असतानाच हलकी वखरणी करा आणि मग पेरा. वखर खोल गेला तर खालचे बी वर येते, म्हणून वरचेवरच. पुढे पंधरा-वीस दिवसांनी पहिली कोळपणी. मजुरी इथे वाढते, हे अंदाजपत्रकात आधीच धरा.

किडींसाठी निंबोळ्या गोळा करण्याचे दिवस आले आहेत. सावलीत वाळवा, बुरशी आलेल्या फेका. फवारणीच्या आदल्या रात्री ५ किलो पूड १० लिटर पाण्यात भिजवा, सकाळी गाळा, पाणी घालून १०० लिटर करा आणि २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून घाला. ऊन उतरल्यावर फवारा, कारण यातला अझाडिरॅक्टिन उन्हात लवकर निकामी होतो. अळी लगेच मरून पडणार नाही. तिची भूक मंदावते आणि कात टाकणे अडते, म्हणून अळी लहान असतानाच फवारायला हवे. मोठ्या अळीवर हा अर्क फारसा चालत नाही, आणि ‘निंबोळीने काही होत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा उशिरा फवारणाऱ्याची असते. आठवड्यातून दोनदा रानात फिरून पानाची खालची बाजू पाहणे याला पर्याय नाही. मावा दिसला की शेजारी मावा खाणाऱ्या ढालकिड्याच्या अळ्या आहेत का हेही पाहा. त्या असतील तर चार दिवस काहीच फवारू नका.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, असे धरून चालू नका. तंबाखूच्या काढ्यातले निकोटिन माणसालाही घातक आहे, त्वचेतून शिरते, आणि सेंद्रिय मानके ते चालवून घेत नाहीत. बोर्डो मिश्रणातले (मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशकातले) तांबे जमिनीत साठत जाते. म्हणूनच युरोपीय संघाने तांब्याच्या वापराला सात वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातली आहे.

शेजारी रासायनिक शेती करत असेल तर बांधालगत काही ओळी सोडा किंवा उंच दाट पिकाचे कुंपण करा, आणि तो माल वेगळा ठेवा. शेजाऱ्याला आत्ताच सांगा की फवारायच्या आदल्या दिवशी निरोप दे. पंप वेगळा हवा. तणनाशकाचा पंप कितीही धुतला तरी खात्री नसते. प्रमाणपत्र हवे असेल तर हंगामी पिकांना बहुतेक नियमांत दोन ते तीन वर्षांचा रूपांतर काळ लागतो, आणि तो मोजायला शेवटच्या रासायनिक वापराची तारीख लिहिलेली असावी लागते. थोड्या रानाला एकट्याने प्रमाणीकरण परवडत नसेल तर गटाने एकमेकांची शेती तपासायची सहभागी हमी पद्धत आहे. रूपांतर काळातला माल मात्र ‘सेंद्रिय’ म्हणून विकू नका, ग्राहकाला खरे तेच सांगा.

वहीचे पहिले पान आजच भरा: निवडलेल्या तुकड्याचा नकाशा, बांधापलीकडे कोण काय पिकवतो, शेवटचे रासायनिक खत आणि शेवटची फवारणी कोणत्या तारखेला झाली, आणि पेल्यातले ढेकूळ किती मिनिटांत विरघळले.