छोट्या गाडीचं प्रदर्शन: आधी माउंट, मग बाकी सगळं

नेरळ-माथेरानच्या गाडीचा इतिहास देवगड-मालवणसारख्या किनाऱ्यावरच्या गावात, वाचनालयाच्या हॉलमध्ये मांडायचा असेल तर पहिली गोष्ट फोटो आणि काच यांच्यामधला माउंट. गेल्या खेपेला नेमका तोच राहिला. आपल्याकडच्या दमट हवेत जुन्या फोटोवरचा जिलेटिनचा थर मऊ पडतो आणि काचेला चिकटतो. ओढलात तर चित्र काचेवर राहतं, हातात कागद येतो. फ्रेमवाला म्हणेल, काच टेकवूनच बसवू, धूळ जाणार नाही. ऐकायचं नाही. मधे खिडकी कापलेला, आम्लरहित पुठ्ठ्याचा, निदान 2 मिमी जाडीचा माउंट हवा.

टेबलं, हार, नारळ यांची आठवण करून देणारे दहा जण असतात.

जमिनीवर दोन लाकडी पट्ट्या माथेरानच्या 610 मिमी अंतरावर ठोका आणि शेजारी कोकण रेल्वेच्या 1676 मिमीवर दुसरी जोडी. कोकण रेल्वेने ये-जा करणाऱ्याला मग गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, समजावत बसावं लागत नाही. चढासाठी 2 मीटरची फळी घेऊन एक टोक 10 सेंमी उचला. हा माथेरानचा 20 ला 1. कोकण रेल्वेच्या 150 ला 1 साठी तेवढीच फळी जेमतेम 1.3 सेंमी उचलावी लागते. म्हणून आधी पाणसळ लावा. हॉलची फरशी दाराकडे उतरती असली की हा फरक तिथेच बुडतो.

मजकुरात हा मार्ग उभारणाऱ्या पीरभॉय बापलेकांची गल्लत हमखास होते. पैसा वडील सर आदमजींचा, उभारणी मुलगा अब्दुल हुसेन यांची. काम 1904 ला सुरू झालं, गाडी धावली 22 मार्च 1907 ला. ऑरेन्स्टाइन अँड कोपेल या जर्मन कंपनीच्या वाफेच्या इंजिनांची टोकाची चाकं वळणावर बाजूला सरकत. हे आकृतीशिवाय लिहाल तर कुणी वाचणार नाही. 26 जुलै 2005 च्या पावसात रूळ वाहून गेले, गाडी परतली 2007 मध्ये. हा फलक गाळू नका, ती तारीख महाडकडच्या माणसाला सांगावी लागत नाही.

आणि माउंट? सांगितलाय का फ्रेमवाल्याला? लिहून द्या, तोंडी नको.

फिशप्लेट (रूळ जोडणारी पट्टी), डॉग स्पाइक (रूळ पक्का करणारा खिळा) हातमोजे घालूनच उचला, घामातल्या मिठाने बोटांचे ठसे गंजतात. कोरड्या फडक्याने पुसून मेणाचा पातळ हात द्या. बंद पेटीत ओल शोषणारं सिलिका जेल ठेवा. निळं गुलाबी झालं की तापवून परत वापरता येतं, पण स्वयंपाकाच्या तव्यावर नाही, त्यात कोबाल्ट असतं.

हुक पितळी. तिकिटांच्या झेरॉक्सच लावा. फ्रेमा भिंतीपासून बोटभर सुटलेल्या, ओल असते. उतरवताना एकीवर एक आडव्या रचू नका.

टांगण्याआधी प्रत्येक फ्रेम तिरकी धरून कडेने बघा. काच आणि फोटो यांच्यात फट दिसत नसेल तर ती फ्रेम परत पाठवा, उद्घाटन उद्या असलं तरी.